हाई चिडी कोनी शे?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, मधली सुटी संपायला पाच-सात मिनिटे उरली असताना, सातवीतली एक मुलगी शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्यासमोर घटक चाचणीच्या गुणांचे तक्ते पसरलेले होते आणि ते चार वाजायच्या आत पूर्ण करायचे होते. तिने हातरुमालात काहीतरी गुंडाळून आणले होते. गाठ सोडून तिने ते टेबलाच्या कडेला ठेवले, तेव्हा मला एक तपकिरी, मेलेले पाखरू दिसले आणि त्याच्या पायाच्या बोटांत गुरफटलेला निळ्या नायलॉनचा दोरा दिसला. "मॅडम, हाई चिडी कोनी शे?" तिने विचारले. तक्त्यावरचे बोट न उचलता मी म्हणाले, "चिमणीच आहे ती, मादी. निंबाखाली पुरून टाक आणि साबणाने हात धू." ती जागची हलली नाही. थोडे थांबून ती हळू आवाजात म्हणाली की, चिडीच्या छातीवर अशा रेघा नसतात. मी "बरं, नंतर बघू" असे म्हटले, तेवढ्यात घंटा झाली, आणि ती पाखरू पुन्हा रुमालात बांधून निघून गेली.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना मला तिचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. ही चिडी कोणती आहे, असे तिने विचारले नव्हते. कोनी शे, म्हणजे ही कोणाची आहे, असे विचारले होते. बावीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या बाईने त्या मुलीला खोटे उत्तर दिले होते, आणि ते खोटे आहे हे त्या मुलीला तिथल्या तिथे कळले होते. पक्ष्यांची आवड असलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाला पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या लहानपणीची ती गोष्ट ठाऊक असते. पिवळ्या गळ्याची एक मेलेली चिमणी घेऊन तो मुलगा मुंबईत बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, कचेरीत गेला होता आणि तिथल्या मिलर्डसाहेबांनी हातातले काम बाजूला ठेवून त्याला ती नीट ओळखून दाखवली होती. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. सांगताना माझा आवाज भरून येतो. माझ्या दारात तशी मुलगी आली तेव्हा मात्र मला गुणांचे तक्ते अधिक महत्त्वाचे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर खडूचे एक रिकामे खोके होते. आत निंबाचा पाला अंथरून त्यावर तेच पाखरू ठेवलेले होते.

मी ते तळहातावर घेतले. वजन पाच रुपयांच्या तीन-चार नाण्यांएवढे असेल. पाठ मातकट तपकिरी, पोटाकडचा भाग मळक्या पांढऱ्या रंगाचा, आणि गळ्यापासून छातीपर्यंत बारीक टाकाने ओढाव्यात तशा गडद रेघोट्या. चिमणीच्या मादीच्या छातीवर एकही रेघ नसते, आणि तिच्या डोळ्यामागे फिकट भुवई असते. या पाखराला भुवई नव्हती. कोऱ्या चेहऱ्यावर फक्त एक काळा डोळा होता आणि तो आता खोल गेला होता. पंखावर दोन अस्पष्ट फिकट पट्टे होते. शेपटीच्या टोकाला मध्यभागी खाच होती. चोच आखूड, जाड आणि वरून गोलसर होती, आणि तिच्या कडेला दादर ज्वारीचा कोंडा अजून चिकटलेला होता. या चोचीची रचना मी भिंगातून बराच वेळ पाहिली. ही पाखरे दाणा चोचीच्या टोकाने टिपतात, जिभेने तो कडेला नेतात, वरच्या चोचीतल्या खोबणीत बसवतात, खालच्या चोचीने दाबतात आणि जिभेनेच फिरवत त्याचे टरफल सोलून बाहेर टाकतात. एका दाण्यामागे क्षणभरही लागत नाही. या पाखराने शेवटचा दाणा सोलला होता, पण कोंडा पुसायचे राहून गेले होते.

भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका माझ्या ओळखीचे आहेत, ते हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारी हतनूरच्या पाण्यावर दुर्बीण घेऊन बसलेले असतात. मी त्यांना छायाचित्रे पाठवली. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. "ताई, हा रोझफिंच. एकतर मादी आहे, नाहीतर पहिल्या वर्षाचा नर. पहिल्या वर्षी नरसुद्धा असाच तपकिरी असतो, डोके आणि छाती लाल व्हायला त्याला पुढचे वर्ष उजाडावे लागते." मग त्यांनी मला पंख हलकेच पसरायला सांगितला आणि टोकाकडची मोठी पिसे मोजायला लावली. नऊ भरली. दहावे असते, पण ते इतके खुरटलेले असते की इतर पिसांखाली दडून जाते आणि शोधल्याशिवाय सापडत नाही. "कूळ फ्रिंजिलिडी," ते म्हणाले. "आपल्या दादरवर जी दाणे टिपणारी गर्दी उतरते ना, तिच्यात खरा फिंच म्हणावा असा बहुधा एवढाच."

खरा फिंच. फिंच म्हणजे जाड चोचीचे, बी फोडून खाणारे लहान पाखरू, एवढे मला माहीत होते, पण त्या दिवसापासून हा 'खरा' माझ्या मनातून जाईना.

फ्रिंजिलिडी हा शब्द पहिल्यांदा ऐकताना अवघड वाटतो, पण तो उकलला की आतून अगदी घरगुती निघतो. फ्रिंजिला हे लॅटिनमधले एका लहान पाखराचे जुने नाव. युरोपात बागेबागेत दिसणाऱ्या चॅफिंचला स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली ते दिले आणि त्याला कोलेब्स, म्हणजे अविवाहित, असे विशेषण जोडले, कारण स्वीडनमध्ये हिवाळा आला की या जातीच्या माद्या दक्षिणेकडे निघून जात आणि मागे नरच दिसत. पुढे १८१९ साली विल्यम एल्फर्ड लीच याने ब्रिटिश म्युझियममधल्या संग्रहाच्या मार्गदर्शिकेत या पाखरावरून संपूर्ण कुळाला फ्रिंजिलिडी हे नाव दिले. आदल्याच वर्षी, १८१८ साली, आपला खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला होता. मला भावले ते त्या शब्दाचे शेपूट. प्राण्यांच्या प्रत्येक कुळाच्या नावाला शेवटी जो 'इडी' लागतो, तो मुळात ग्रीक प्रत्यय आहे आणि त्याचा अर्थ अमक्याची संतती, अमक्याची लेकरे असा होतो. फ्रिंजिलिडी म्हणजे फ्रिंजिलाची लेकरे. म्हणजे इतकी वर्षे मी फळ्यावर मांजराचे कूळ फेलिडी आणि कुत्र्याचे कूळ कॅनिडी असे लिहीत आले, तेव्हा प्रत्येक वेळी मी एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर लिहीत होते, आणि तो प्रश्न ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते.

आमच्या तापीकाठच्या गावात माझी आजी संध्याकाळी ओट्यावर बसायची. गल्लीतून कोणतेही अनोळखी पोर धावत गेले की ती हाक मारून थांबवायची आणि विचारायची, "कोना पोऱ्या शे रे तू?" पोर बापाचे नाव सांगायचे. तेवढ्याने तिचे भागत नसे. मग आजोबाचे नाव, मग आईचे माहेर, मग ते माहेर ज्या गावात असेल त्या गावातले आजीच्या ओळखीचे एखादे घर, असे करत करत ती त्या पोराला आपल्या माहितीच्या कुठल्यातरी फांदीवर नेऊन बसवायची आणि मगच त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. त्या प्रश्नात माया होती, हे मी शपथेवर सांगेन. त्याच प्रश्नात छाननीही होती, हे मला फार उशिरा कळले. काही पोरांना आजी नाव विचारून पुढे काही विचारत नसे. गूळ त्यांनाही मिळायचा, पण तो वरून टाकलेला असायचा.

दादरच्या राखणीला मी आजोबांबरोबर जात असे. खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीत धरून राहिलेल्या ओलीवर येणारी. माघात कणसे दुधात आली की शेताच्या मधोमध चार खांबांचा माळा उभा राहायचा, आणि पहाटेपासून आजोबा गोफण घेऊन वर आणि मी पत्र्याचा डबा घेऊन खाली, असा आमचा पहारा सुरू व्हायचा. पहाटेच्या गारव्यात दादरच्या पानांवरचे दव घोट्यापर्यंत भिजवायचे आणि कणसांचा एक गोडसर, कच्च्या दुधासारखा वास सगळ्या शेतावर पसरलेला असायचा. मग पाखरे यायची. आधी आवाज यायचा, आभाळात कोणीतरी सुपातून धान्य पाखडल्यासारखा, आणि मग शेताच्या एका कोपऱ्यावर सगळा थवा एकदम बसायचा आणि ती कणसे वजनाने वाकायची. आजोबांच्या लेखी त्यांची वाटणी साधी होती. राघू कणीस तोडून नेतो म्हणून तो चोर. बाकी सगळी पाखरे बसल्या जागी खातात म्हणून ती पाहुणी, पण फार दिवस राहिलेली. त्या पाहुण्यांत चिमण्या होत्या, सुगरणी होत्या, मुनिया होत्या, काळ्या डोक्याचे पिवळेधमक भारीट होते. त्या थव्यांत कधीकधी एखादे पाखरू असे दिसायचे, की जणू कोणीतरी त्याला डोक्यापासून छातीपर्यंत डाळिंबाच्या रसात बुडवून काढले आहे. आजोबा त्या दिशेने गोफण फिरवत नसत. कारण मी कधी विचारले नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. लाल रंगाचे त्यांना अप्रूप वाटत असेल, किंवा एका पाखरासाठी दगड वाया घालवणे त्यांच्या हिशेबात बसत नसेल. तो रोझफिंचचा नर होता, हे मला चाळीस वर्षांनंतर एका मेलेल्या पाखरामुळे कळले.

ही पाहुणी मंडळी मूळची कोणाची, हे ठरवताना शास्त्रज्ञांचीही माझ्या आजीसारखीच दमछाक झालेली दिसते. जाड, शंकूसारखी चोच दिसली की ते पाखरू फिंचांच्या घरात ढकलायचे, असा आरंभीचा सरळ रिवाज होता. लिनियसने आपल्या घरातल्या चिमणीचे नाव फ्रिंजिला डोमेस्टिका असे ठेवले होते. लाल मुनियाचे नाव त्याने फ्रिंजिला अमंडवा असे ठेवले, आणि त्यातला अमंडवा हा दुसरा-तिसरा काही नसून आपल्या शेजारचे अहमदाबाद आहे, कारण तिथून ही पाखरे पिंजऱ्यांत भरून परदेशी जात आणि गावाचे नाव त्यांच्या अंगाला चिकटे. सुगरणीला तर त्याने लॉक्सिया या वाकड्या चोचीच्या फिंचांच्या गटात बसवले आणि तिला फिलिपिनी ठरवले. सुगरण फिलिपाइन्समध्ये मुळात राहत नाही. कोणाच्या तरी कागदावरची ती चूक होती, पण बाभळीला खोपे बांधणारी आमची सुगरण आजही आपल्या शास्त्रीय नावात तो परका पत्ता वागवते आहे. रोझफिंचला पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७० साली नाव दिले तेव्हा तोही लॉक्सियातच होता. म्हणजे एके काळी कागदोपत्री सुगरण आणि रोझफिंच एकाच घरातली भावंडे होती, आणि चिमणी व मुनिया शेजारच्या खोलीत राहत होत्या.

पुढे एकेकीला बाहेर काढले गेले. चिमणीच्या जिभेत एक जादा हाड सापडले. बी धरताना ते जिभेला ताठरपणा देते आणि फिंचांच्या जिभेत ते नसते, म्हणून चिमणीचे कूळ वेगळे झाले. मुनियांचे वेगळे झाले. सुगरणींचे वेगळे झाले. भारीट बराच काळ फिंचांच्या घरात पोटकूळ म्हणून राहिले आणि नंतर त्यांचीही चूल वेगळी मांडली गेली. ही वाटणी वाचताना मला आमच्या भाऊबंदकीतल्या वाटणीची आठवण झाली, जिच्यात आधी जमीन वाटली गेली, मग विहिरीचे पाणी, आणि शेवटी एका भिंतीमुळे आजीचा ओटाही दोन भागांत गेला. पक्ष्यांच्या वाटणीत निदान पुरावा पाहून निर्णय होत गेले, आणि चुकीचे निघाले ते निर्णय मान खाली घालून बदलले गेले. त्याबद्दल मला त्या लोकांचा मनापासून आदर वाटतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त हलवून गेली ती डार्विनच्या फिंचांची गोष्ट. आमच्या पिढीतल्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाने ती चित्रे फळ्यावर काढलेली आहेत. गॅलापागोस बेटांवरची पाखरे, एकाची चोच जाड, एकाची मध्यम, एकाची टोकदार, आणि खाली लिहायचे, डार्विनचे फिंच. १८३५ साली डार्विनने ती गोळा केली, १८३७ साली लंडनमध्ये जॉन गूल्डने ती सगळी एकमेकांची जवळची नातलग असल्याचे दाखवून दिले, हे मी तारखांसकट शिकवते. पण ती पाखरे फिंच नाहीत. ती टॅनेजर या दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या थ्रॉपिडी कुळातली आहेत. जगातले सर्वांत प्रसिद्ध फिंच फ्रिंजिलाची लेकरे नाहीत! बी फोडायचे तर चोच जाड लागते, आणि ज्या कोणाला पिढ्यान्‌पिढ्या बी फोडावे लागले त्याची चोच तशी होत गेली, मग तो कोणाच्याही घरचा असो. चोच पोटाची गोष्ट सांगते, घराण्याची सांगेलच असे नाही. हे मी ज्या चित्रांवरून मुलांना शिकवत होते, त्याच चित्रांखाली मी वर्षानुवर्षे चुकीचे कूळ सुचवणारे नाव लिहीत आले होते आणि एकदाही थांबून विचार केला नव्हता.

याच्या अगदी उलटे उदाहरण हवाई बेटांवर आहे. तिथल्या हनीक्रीपर पक्ष्यांतल्या काहींच्या चोची शिंजीरासारख्या लांब आणि बाकदार आहेत, फुलांत खुपसून मध प्यायला घडलेल्या. कोणीही त्यांना पाहून फिंच म्हणणार नाही. पण डीएनए तपासल्यावर असे दिसले की ते खरे फिंच आहेत, आणि त्यांचे सर्वांत जवळचे नातलग आहेत आशिया-युरोपातले रोझफिंच. म्हणजे लाखो वर्षांपूर्वी रोझफिंचांच्या गणगोतातली काही पाखरे महासागर ओलांडून त्या बेटांवर पोहोचली आणि तिथल्या फुलांनी, किड्यांनी, बियांनी त्यांच्या लेकरांच्या चोची हव्या तशा वळवल्या. त्यांतल्या कित्येक जाती आता उरलेल्या नाहीत. माणसांच्या जहाजांबरोबर डास आले, डासांबरोबर पक्ष्यांचा हिवताप आला, आणि जी पाखरे त्या आजाराला कधीच सामोरी गेली नव्हती ती एकामागून एक संपली. खडूच्या खोक्यातल्या त्या पाखराकडे पाहताना मला हे सारखे आठवत होते. त्याचे इतके लांबचे भाऊबंद आहेत, समुद्राच्या मधोमध, आणि त्यांची अशी वाताहत झाली आहे, आणि ही सगळी वंशावळ चोपडा तालुक्यातल्या एका शाळेच्या टेबलावर निंबाच्या पाल्यात पडून आहे.

जळगावच्या बाजारात पाखरांचे पिंजरे विकायला असतात, तिथेही मी मुद्दाम थांबले. "फिंच घ्या मॅडम, जोडी चांगली शे," विकणारा म्हणाला. लाल चोचीची, गालावर नारिंगी ठिपका असलेली ती झेब्रा फिंच होती, मूळची ऑस्ट्रेलियाची आणि कुळाने आपल्या मुनियांची चुलत बहीण. शेजारच्या पिंजऱ्यात पिवळी कॅनरी होती, ती मात्र खरी फ्रिंजिलाची. नाव फिंच ती फिंच नव्हती, आणि फिंच होती तिच्या नावात फिंच नव्हता. आपली देशी पाखरे पकडायला आणि विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे आता असा रोझफिंच तिथे दिसत नाही, आणि ते फार बरे आहे. रोझफिंचचा लाल रंग त्याच्या खाण्यातल्या रंगद्रव्यांपासून तयार होतो. पिंजऱ्यात त्याला ते खाणे मिळाले नाही, तर पुढच्या वेळी पिसे बदलताना लाल रंग येत नाही, त्या जागी पिवळट पिसे येतात.

आता त्या निळ्या दोऱ्याविषयी लिहिले पाहिजे.

ती मुलगी सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या सालदाराची, म्हणजे सालाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याची. तीन आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्या, हे कुटुंब आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात राहते आहे. घरी ती पावरी बोलते, गावात अहिराणी, आणि वर्गात पुस्तकातली मराठी जपून जपून. शाळेत तिचे नाव घातले त्या दिवशी कचेरीत बसलेल्या प्रत्येकाने तिला विचारले होते, "कोनी पोर शे?" तिने बापाचे नाव सांगितले. ते नाव कोणाच्याच माहितीच्या फांदीवर बसले नाही, आणि विचारणारे पुन्हा आपापल्या कामाला लागले. मीही तिथेच होते. आता दादरचे राखण कोणी माळ्यावर बसून करत नाही. मुळात दादरच कमी झाली आहे. माझ्या लहानपणी जिथे नजर जाईल तिथपर्यंत ती डुलायची, तिथे आता केळी, कापूस आणि मका आहे, आणि मधेच कोणी घरच्या भाकरीपुरती वा कडब्यासाठी एखादा तुकडा पेरतो. आजूबाजूला दुसरे शेत नसल्यामुळे परिसरातली सगळी पाखरे त्या एका तुकड्यावर तुटून पडतात. म्हणून त्यावर नायलॉनची जाळी अंथरतात. जाळी तिच्या बापाने अंथरली होती, कारण दाणे कमी भरले तर विचारणा त्याला होणार होती. सकाळी त्यानेच जाळीत अडकलेले पाखरू दोरा कापून सोडवले, पण तोवर उशीर झाला होता. "बाबा म्हने, शायमा ले जाय, मॅडम सांगतीन," असे तिने मला नंतर सांगितले. त्या माणसाने पाखरू फेकून दिले नव्हते. ते कोणाचे, हे विचारायला त्याने ते माझ्याकडे पाठवले होते. जाळीचा मला राग येतो आणि जाळी टाकणाऱ्याचा येत नाही. आजोबांच्या गोफणीविषयी माझ्या मनात जी माया आहे, तिच्यातही एक खोट आहे हे मला माहीत आहे, कारण गोफणीचा दगड काही दर वेळी हवेतून जात नसे.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी तिला बोलावले. आधी मी तिला सांगितले की माझे उत्तर चुकले होते आणि तिच्या रेघा बरोबर होत्या. ती काही बोलली नाही, पण खोक्याकडे सरकली. मग मी तिला पंख उघडून दाखवला, नऊ पिसे तिला मोजायला लावली, आणि फ्रिंजिलिडी हा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्याचे दोन तुकडे केले. फ्रिंजिलाची लेकरे. "म्हणजे हाई फ्रिंजिलानी शे," ती म्हणाली. मी हो म्हटले. तिचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित असायला हवा होता. तिने विचारले की हिचे गाव कोणते. मी नकाशा काढला. हिमालय दाखवला, त्याच्या पलीकडे मध्य आशिया, आणखी वर सैबेरिया. उन्हाळ्यात तिकडे ही पाखरे घरटी करतात, पिल्लांनाही आपल्या पोटातले बी ओकून भरवतात, थंडी पडू लागली की आपल्याकडे उतरतात आणि चैत्र-वैशाखाच्या सुमाराला परत जातात. तिने बोटाने चोपडा ते हिमालय हे अंतर मोजले, दीड वीत भरले. "आखाजीले जातीन मंग," ती स्वतःशीच म्हणाली. सालदाराच्या पोरीला आखाजी म्हणजे काय हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी तिच्या बापाचे साल संपायचे होते, आणि पुढचे साल याच गावात की दुसऱ्या, हे तोवर ठरलेले नव्हते.

आम्ही पाखरू निंबाखाली पुरले. त्याआधी तिने वहीत त्याची नोंद केली. मी विज्ञानाच्या पद्धतीप्रमाणे तिला रकाने सांगितले होते, नाव, कूळ, सापडल्याचे ठिकाण, तारीख. तिने ते लिहून काढले आणि स्वतःच्या मनाने शेवटी एक रकाना वाढवला, गाव. त्यात तिने आधी आमच्या गावाचे नाव लिहिले, ते खोडले नाही, त्यापुढे स्वल्पविराम दिला आणि हिमालय लिहिले.

मार्चच्या अखेरीस दादर कापून झाली होती. शाळा सुटल्यावर मी मळ्याच्या वाटेने घरी निघाले होते, आणि ती बांधावर शेळ्या राखत उभी होती. उन्हे कलली होती. कापलेल्या धसकटांवर आठ-दहा पाखरे दाणे वेचत होती, तपकिरी, रेघोट्यांची, कोणाचेही लक्ष जाऊ नये अशी. शेळी त्यांच्या अंगावर गेली तशी ती वर-खाली हेलकावे घेत उडाली आणि बांधावरच्या बोरीवर जाऊन बसली. त्यांतले एक सर्वांत वरच्या काटेरी फांदीवर बसले आणि त्याने उन्हाकडे तोंड केले. त्याचे डोके, गळा आणि छाती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती. मी काही म्हणायच्या आत तिने माझा हात धरला, आणि ते उडून जाईल या भीतीने अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मॅडम, फ्रिंजिलाना पोऱ्या!"